भाडेकरूंसकट वाडा: शंभर वर्षांचा फुटबॉल क्लब विकत घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची कंपनी विकली, कर भरून हातात साधारण ४०० कोटी रुपये उरलेत. धाकटा भाऊ मँचेस्टरला शिकलेला, फुटबॉलवेडा. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला, म्हणजे चॅम्पियनशिपमधला, शंभर वर्षांहून जुना एक क्लब ३ कोटी पौंडांत मिळतोय असं एक मध्यस्थ सांगतो. ‘प्रीमियर लीगमध्ये गेला की दहापट.’ घ्यावा का? आणि सगळा झेपत नसेल तर निदान दहा टक्के?

मी सनदी लेखापाल आहे. वीसेक वर्षं कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत घेणाऱ्याच्या बाजूने हिशेब तपासून देतो, त्यातली निम्मी लंडनमध्ये गेली. फुटबॉल क्लबांचे सहा व्यवहार माझ्या टेबलावरून गेले. पाच मोडले, आणि ते मोडल्याबद्दल त्या पाचही जणांनी मला पुढे कधी ना कधी जेवायला घातलंय. सहाव्याचा फोन आता येत नाही.

गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर घेऊ नका. हौस म्हणून विचारत असाल तर ती किती महाग पडते ते ऐका आणि मग ठरवा.

आधी साधा हिशेब. पौंड ११५ रुपये धरू. ३ कोटी पौंड म्हणजे ३४५ कोटी रुपये. तुमच्याकडे उरले ५५. आता मी दुसऱ्या श्रेणीतल्या बेताच्या क्लबाचा नमुना ताळेबंद मांडतो. हा कुठल्या एका क्लबाचा नाही, पण असे कागद पाहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. तिकिटांचे ७० लाख पौंड, लीगकडून टीव्हीचे वगैरे मिळून १ कोटी १० लाख, जाहिराती, जर्सीचं दुकान, लग्नकार्याला दिलेला हॉल असं सगळं धरून आणखी ७० लाख. जमा अडीच कोटी. खर्चात नुसते पगार २ कोटी ८० लाख. हो, जमेपेक्षा पगार जास्त; त्या श्रेणीत ही नवलाई नाही, रीत आहे. त्यावर वीज, पोलीस बंदोबस्त, गवत, प्रवास, पोरांची अकादमी मिळून १ कोटी २० लाख. म्हणजे वर्षाला दीड कोटी पौंडांचं भगदाड, रुपयांत १७२ कोटी. तुमचे उरलेले ५५ कोटी चार महिनेही पुरणार नाहीत.

म्हणजे मध्यस्थाने सांगितलेले ३ कोटी ही क्लबाची किंमत नाहीच, ते प्रवेशशुल्क आहे. खरी किंमत दर महिन्याला पगाराच्या तारखेला मागितली जाते.

‘शंभर वर्षांचं नाव आहे, त्याला काहीच मोल नाही का?’ असं तुमच्या पत्रात एक वाक्य आहे. मोल आहे, पण ते तुमच्या खात्यात जमा होत नाही. पुण्याच्या पेठेतला जुना वाडा भाडेकरूंसकट विकत घेतलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. सात-बारा नाही, पण मालमत्तापत्रकावर नाव त्याचं. वाडा देखणा, सागवानी खांब, चौकात तुळस. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडं नावापुरतं. कौलं गळली की निरोप मालकाला. भिंत पाडायची म्हटली की सगळे एक. जुना क्लब हा असा वाडा आहे. भाडेकरू म्हणजे चाहते, आणि वाड्याचा इतिहास त्यांच्या घराण्यांचा आहे, तुमच्या नाही.

हे मला पटलं ते कागदांवरून नाही. सांगलीकडच्या एका कारखानदारांबरोबर मी उत्तर इंग्लंडातल्या एका मैदानावर गेलो होतो. जानेवारी महिना, साडेतीनलाच अंधारून आलेलं. साहेब करंडकांच्या कपाटासमोर पंधरा मिनिटं उभे होते. १९व्या शतकातला चांदीचा पेला, जुन्या फोटोंत गटागटाने हाताची घडी घालून बसलेले मिशीवाले गिरणी कामगार. मी तेवढ्यात मैदान राखणाऱ्या माणसाबरोबर स्टँडच्या मागे गेलो. छताच्या पन्हाळीतून पाणी थेट खुर्च्यांवर पडत होतं. गवताखाली गरम पाण्याच्या नळ्या असतात, मैदान गोठू नये म्हणून. त्यातली एका बाजूची बंद होती. त्याने सांगितलं, तीन मालक झाले, तिघांनाही सांगितलं. बाहेर पडताना दारावरच्या म्हाताऱ्या बाईंनी साहेबांना विचारलं, ‘तुम्ही किती वर्षं राहणार?’ साहेबांना वाटलं, हॉटेलबद्दल विचारतात. ते म्हणाले, ‘गुरुवारपर्यंत.’ बाई हसल्या नाहीत.

आता एक खरं, सगळ्यांसमोर घडलेलं उदाहरण, आणि ते आपल्या पुण्याचंच आहे.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव. कापडगिरण्यांचं. तिथल्या मागांवर एके काळी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तिची धग लागायची ती अशाच गावांना. १९३१ मध्ये गांधीजी विलायतेत असताना शेजारच्या डार्वेनला जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले होते. या गावाचा क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स, स्थापना १८७५. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तिच्या बारा संस्थापकांपैकी एक, आणि १९९२ च्या प्रीमियर लीगचाही संस्थापक. एफए कप ही राष्ट्रीय स्पर्धा सहा वेळा जिंकलेला. इतिहास म्हणून याहून भरगच्च कपाट मिळणं अवघड.

१९९१ च्या सुमाराला गावचाच पोलादवाला जॅक वॉकर याने क्लब ताब्यात घेतला. स्वतःची कंपनी ब्रिटिश स्टीलला विकून त्याच्याकडे ३० कोटींहून जास्त पौंड आले होते. केनी डॅल्ग्लिशला प्रशिक्षक आणला, ॲलन शियररला विकत घेतला, आणि १९९५ मध्ये रोव्हर्स इंग्लंडचे विजेते झाले. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरूनही, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच साधता आली. चार वर्षांत क्लब खालच्या श्रेणीत घसरला. वॉकर २००० मध्ये गेले. त्यांनी घातलेला पैसा परत आला नाही, त्यांनी तो मागितलाही नाही. गावात त्यांचा पुतळा आहे. जुन्या क्लबावर मिळणारा परतावा हा असा असतो, आणि ज्याला तेवढा पुरतो त्याने जरूर घ्यावा.

वॉकरांच्या पश्चात त्यांच्या ट्रस्टने बरीच वर्षं गिऱ्हाईक शोधलं. नोव्हेंबर २०१० मध्ये ते मिळालं: पुण्याचा व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह, म्हणजे आपण ज्यांना ‘व्हेंकीज’ म्हणतो ते. कुक्कुटपालनात देशात अव्वल, कर्जबाजारी नाहीत, धंदा जाणणारी माणसं. किंमत २.३ कोटी पौंड आणि वर क्लबाचं सुमारे २ कोटींचं देणं. प्रीमियर लीगमधल्या क्लबाचे ते पहिले भारतीय मालक. ज्या लीगमध्ये तळाच्या क्लबालाही टीव्हीचे कोट्यवधी पौंड मिळतात तिथला क्लब एवढ्याला मिळाला म्हटल्यावर पुण्यातल्या आम्हा हिशेबनीसांनाही तेव्हा सौदा स्वस्त वाटला होता. माझा स्वतःचा अंदाज तसाच होता, खोटं का बोला.

ताबा घेतल्यावर महिन्याभरात प्रशिक्षक सॅम ॲलर्डाइस यांना काढलं, तेव्हा संघ तेराव्या स्थानावर होता. नवखे स्टीव्ह कीन आले. ब्राझीलच्या विख्यात रोनाल्डिन्होला आणायचा प्रयत्न झाला. खेळाडू कोंबडी खाताना दिसतात अशी जाहिरात झाली, तिच्यावर इंग्लंड अजून हसतं. पहिलं वर्ष शेवटच्या दिवशी निभावलं. दुसऱ्या वर्षी, मे २०१२ मध्ये, विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. रोव्हर्स तो सामना १-० ने हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. २०१२ नंतर ते तिथे परतलेले नाहीत. २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत गेले, वर्षभरात वर आले. एवढ्या काळात मालकांनी क्लबात घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर आहे. खरेदीच्या किमतीच्या आठ-नऊ पट, आणि तीही तोटा भरण्यात.

यात एक बारीकशी गोष्ट मी घेणाऱ्यांना नेहमी दाखवतो. घसरणीनंतर २०१२ मध्ये हेनिंग बर्ग प्रशिक्षक झाले. करार तीन वर्षांचा. ५७ दिवसांत काढलं. करारात ‘मध्येच काढलं तर एवढंच मिळेल’ अशी मर्यादा घातलेली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि क्लबाला साडेबावीस लाख पौंड मोजायला लागले. पुण्यात कुठल्याही कारखान्यात जनरल मॅनेजरच्या नेमणूकपत्रात नोटीस पीरियडचा रकाना कोरा राहणार नाही. क्लबात राहतो. शहाणी माणसं क्लबात शिरताना आपली शहाणीव बाहेर चपलांजवळ काढून ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि ते व्हेंकीजपुरतं नाही.

त्यांना तरी एक मोठा चालता धंदा पाठीशी होता. तरीही २०२३ पासून त्यांना भारतातून क्लबासाठी पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, कारण परकीय चलनाच्या नियमांखाली अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू होती. आणि जानेवारी २०२४ संपता संपता क्लबाने अकादमीत वाढलेला, गावातलाच ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला. सुरुवातीचे सुमारे १.८ कोटी पौंड. चाहते हळहळले. मी हिशेबवाला, मला त्यात दुसरंच दिसतं. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्ची टाकतात. २ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आणला तर वर्षाला ४० लाख. विकताना शिल्लक किमतीच्या वरचाच भाग नफा. पण घरच्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे आलेली सगळी रक्कम त्याच वर्षी नफ्यात. म्हणून गावचं पोर आधी विकलं जातं. चाहत्यांना जे सगळ्यात प्रिय, ते ताळेबंदाला सगळ्यात फायद्याचं.

मध्यस्थाचं ‘दहापट’ आता बघू. वर गेलात तर खरंच पैसा आहे. प्रीमियर लीगच्या देशांतर्गत टीव्ही हक्कांचा २०२५-२६ पासूनचा चार वर्षांचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे, आणि तळाच्या क्लबालाही वर्षाला १० कोटींच्या वर वाटा मिळतो. चॅम्पियनशिपमध्ये तोच कोटीभर. ही फट एवढी रुंद आहे की ती ओलांडायला २४ क्लबांतले बरेच जण जमेपेक्षा जास्त पगार वाटतात आणि वर जातात तिघं. तेही टिकतात का? २०२३-२४ मध्ये नव्याने वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली गेले. २०२४-२५ मध्येही तिन्ही. ल्यूटन टाउन तर २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगला होता आणि लागोपाठ दोन घसरणींनंतर २०२५-२६ ची सुरुवात त्याने तिसऱ्या श्रेणीत केली. खाली आलेल्याला दोन-तीन वर्षं ‘पॅराशूट’चे पैसे मिळतात, त्यामुळे परतीच्या शर्यतीत तो तुमच्यासमोर भरल्या खिशाने उभा असतो. तुमचा क्लब त्या पैशाविना.

आयपीएलचा संघ घेतलेल्यांशी तुलना करू नका. राजस्थान रॉयल्स २००८ मध्ये ६.७ कोटी डॉलरला गेला आणि आज त्याचं मोल कितीतरी पट आहे, खरं; पण तिथे शेवटचा आलेला संघही पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळतो. अमेरिकेतही तसंच. म्हणून अमेरिकन पैसा युरोपात आला की त्याला पहिला प्रश्न पडतो की ही घसरण बंद नाही का करता येणार. एप्रिल २०२१ मध्ये बड्या बारा क्लबांनी सुपर लीगचा तो डाव टाकून पाहिला. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. भाडेकरू एक झाले की काय होतं ते तेव्हा मालकांना कळलं.

मग कुणीच कमावलं नाही का? कमावलं, आणि कसं ते पाहिलंत तर तुमचा प्रश्न आपोआप सुटेल. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. व्याज क्लबाने भरलं, चढलेल्या किमतीचा हिस्सा त्यांनी विकला. २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी शेअरला ३३ डॉलर मोजून पाव क्लब घेतला. त्यानंतर बराच काळ न्यूयॉर्कच्या बाजारात तोच शेअर निम्म्याच्या आसपास मिळत होता. लिव्हरपूल २०१० मध्ये जुन्या मालकांच्या कर्जापायी ३० कोटींना विकला गेला, घेणाऱ्या अमेरिकनांनी नीट चालवला, त्याची किंमत आज अब्जांत आहे. न्यूकॅसल माइक ॲशली यांनी २००७ मध्ये १३.४ कोटींना घेतला, २०२१ मध्ये सौदी निधीला ३०.५ कोटींना विकला, पण मधल्या काळात क्लबाला दिलेलं कर्जच १० कोटींवर होतं. चेल्सी २००३ मध्ये १४ कोटींना घेऊन रशियन अब्जाधीश अब्रामोविच यांनी दीड अब्ज कर्जाऊ ओतले. २०२२ मध्ये अडीच अब्जांना विकला गेला तेव्हा निर्बंधांमुळे त्यातला एक पौंडही त्यांच्या हाती लागला नाही. हे सगळे शहरांचे, जगभर जर्सी खपणारे क्लब. नफा झाला तो लाभांशातून नव्हे, तर पुढचा आणखी श्रीमंत माणूस सापडला म्हणून. लँकशायर-यॉर्कशायरच्या गिरणगावातल्या क्लबाला असा माणूस रोज सापडत नाही. तो सापडला होता, तो व्हेंकीज.

मला विचाराल तर या धंद्यात हमखास कमावतो तो सावकार. एसी मिलान २०१७ मध्ये एका चिनी खरेदीदाराने ७४ कोटी युरोंना घेतला, त्यातले सुमारे ३० कोटी एलियट या अमेरिकन फंडाकडून उधार. पुढच्या वर्षीच्या जुलैत ३.२ कोटींचं एक देणं चुकलं आणि क्लब एलियटच्या खिशात. २०२२ मध्ये त्यांनी तो १२० कोटींना विकला. मिलानमधल्याच दुसऱ्या क्लबाचं, इंटरचंही तसंच: २०२१ मध्ये ओकट्री या फंडाने २७.५ कोटी उधार दिले, मे २०२४ मध्ये व्याजासकट ३९.५ कोटी झाले, भरता आले नाहीत, क्लब ओकट्रीचा. घेणारा करंडकांच्या कपाटासमोर उभा होता, देणारा तारणखत वाचत होता.

आपल्याकडच्या माणसाचा यावर ठरलेला प्रश्न असतो: ‘तोटा होऊ दे, जागा तर आहे ना?’ मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते डोळ्यांसमोर असतं. कापड गेलं, जमीन उरली आणि जमिनीने राजा केलं. इथे तसं होत नाही. एक तर मैदान क्लबाच्याच नावावर आहे का हे आधी बघायचं. डर्बी काउंटीच्या मालकाने मैदान ८ कोटींना स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकून तोटा झाकला. २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. शेफील्ड वेन्झडेने, स्थापना १८६७, आपलं मैदान हिल्सबरो असंच ६ कोटींना मालकाला विकलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोही प्रशासकाकडे, बारा गुण कापून. दुसरं म्हणजे, २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक बसवलाय. मैदान विकायचं, गाव सोडायचं, बोधचिन्ह किंवा रंग बदलायचे, तर आता मालकाची मर्जी पुरत नाही. वाडा हेरिटेज यादीत गेला म्हणा. तो कायदा नव्हता तेव्हाही जमत नव्हतंच: कार्डिफ सिटीच्या मलेशियन मालकांनी २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली, कारण लाल शुभ; २०१५ च्या जानेवारीत निमूटपणे परत निळी झाली.

घरचंही उदाहरण द्यायला हवं, नाहीतर वाटेल इंग्रजांचंच काहीतरी बिनसलंय. महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता होता आणि २०१० मध्ये बंद केला गेला. गोव्यात खाणमालकांच्या घराण्यांनी दशकानुदशकं क्लब पोसले. धेंपो पाच वेळा देशात पहिला आला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. पैसे नव्हते म्हणून नव्हे. वरच्या लीगचं, म्हणजे आयएसएलचं, दार कामगिरीने उघडणार नसेल तर खर्च कशासाठी, हा त्यांचा हिशेब होता आणि तो चोख होता.

आता तुमच्या अडचणीचा खरा भाग, जो मध्यस्थाने सांगितलेला दिसत नाही. कंपनी विकल्यामुळे पैसा आता कुटुंबाच्या व्यक्तिगत खात्यांत आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. घरातली दहा माणसं धरलीत तरी २५ लाख डॉलर, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, आधी कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. शिवाय व्यक्तीला ताबा असलेल्या परदेशी कंपनीखाली उपकंपनी चालत नाही, आणि जुन्या क्लबाखाली मैदानाची एक, दुकानाची एक अशा उपकंपन्या असतातच. म्हणजे भारतीय कंपनीमार्फत जावं लागेल, तिथे मर्यादा नक्त मूल्याच्या चौपट. हे बसवता येतं, पण वकिलांचा खर्च आणि वेळ धरा. लीगही तुम्हाला तपासणार: पैसा कुठला, पुढची दोन वर्षं तोटा भरायची ऐपत दाखवा. आणि तोटाही मनाला येईल तेवढा करता येत नाही. चॅम्पियनशिपमध्ये चालत आलेला नियम तीन वर्षांत ३.९ कोटी पौंडांचा, त्यातही १.५ कोटींच्या वरचा मालकाने भागभांडवल घालूनच भरायचा. उधार देऊन नाही. म्हणजे तो परत मागायची सोय नाही.

एवढं ऐकूनही भाऊ ऐकत नसेल, आणि कुटुंबात एखादा ऐकत नसतोच, तर श्रेणी उतरा. रेक्सम हा १८६४ चा वेल्समधला क्लब पाचव्या श्रेणीत होता तेव्हा दोन अभिनेत्यांनी २० लाख पौंडांत घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ अशा लागोपाठ तीन वर्षांत तो चॅम्पियनशिपला पोचला. पण त्यांनी आधी प्रेक्षक जमवले, कॅमेरा लावून, अमेरिकेत. तुमच्याकडे तसलं काही आहे का, हे तुम्हीच सांगा. आणि स्वस्त म्हणून भुलू नका: बरी, १८८५ चा क्लब, डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्याला बाहेर काढलं. त्या एका पौंडाबरोबर देणी किती आली ते घेणाऱ्याने वाचलं नव्हतं किंवा वाचूनही घेतलं.

मध्यस्थाकडून कागद मागवणारच असाल तर करंडकांचे फोटो नकोत. तीन वर्षांचे हिशेब ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. थेट शेवटच्या टिपांकडे जा. ‘हा क्लब पुढचं वर्ष चालेल, कारण मालकांनी पाठबळाचं पत्र दिलं आहे’ अशा अर्थाची टीप सापडेल. त्या पत्रावर उद्या तुमची सही असणार. मग खेळाडूंच्या खरेदीचे न दिलेले हप्ते किती, ते बघा. घसरण झाली तर पगार आपोआप कमी होतील असं किती करारांत लिहिलंय ते विचारा. करखात्याची थकबाकी वेगळी काढा: क्लब बुडाला तर इतर क्लबांची आणि खेळाडूंची देणी लीगच्या नियमांनी पूर्ण भागवावी लागतात, डिसेंबर २०२० पासून करखातंही पुढच्या रांगेत आलंय, आणि मालकाने दिलेलं कर्ज सगळ्यांच्या मागे.

राहिला दहा टक्क्यांचा प्रश्न. ३० लाख पौंडांना दहा टक्के घेतलेत तर तुम्हाला मिळेल संचालकांच्या कक्षातली खुर्ची, मध्यंतरातला चहा आणि वर्षातून एकदा भागभांडवल वाढवल्याचं पत्र. भरलं नाहीत तर दहाचे चार होतील, चाराचे दोन. लाभांश नाही, मत मोजलं जाणार नाही, आणि दोन टक्के विकत घ्यायला कुणी येत नाही. घ्यायचेच असतील तर करारात दोन कलमं हवीत: बहुसंख्य मालक विकेल तेव्हा त्याच भावाने तुमचेही विकले जातील, आणि तीन वर्षांनी ठरल्या सूत्राने ते तुमचे परत घेतील. पहिलं मिळेल. दुसऱ्यावर मी आजवर एकाही क्लबमालकाची सही पाहिलेली नाही. मध्यस्थाला ते कलम पाठवा आणि तो किती दिवसांनी फोन करतो ते मला कळवा.